विश्लेषण : परदेशातून गावी कायमचे परतायचे, पण कोणत्या तारखेला?

अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले आणि ‘आता परतायचे का?’ हा विषय तिथल्या मराठी घरांत पुन्हा निघाला. आखातात गेलेल्या कोकणी कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही. तिथे परतणे पहिल्या दिवसापासून गृहीतच असते. परतण्याचा निर्णय बहुतेक वेळा मन घेते, त्याची किंमत मात्र तारीख ठरवते. प्राप्तिकर, बँक, मुलांची शाळा, नागरिकत्व आणि सातबारा यांचे वेळापत्रक वेगवेगळे आहे आणि ते आपोआप जुळत नाही. गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरसारख्या गावात घर असलेल्या कुटुंबाने हा हिशेब कसा मांडावा?

परतीचे गाव कसे आहे?

वेळणेश्वर म्हणजे शंकराचे देऊळ, नारळी-पोफळीच्या बागा आणि त्यांच्या पलीकडे लांबच लांब किनारा. अनेक कोकणस्थ घराण्यांचे हे कुलदैवत. महाशिवरात्रीला यात्रा भरते, गणपतीत आणि मे महिन्यात बंद घरांची कुलुपे निघतात. एरवी गावात म्हातारी माणसे आणि राखणदार.

हे चित्र एका गावापुरते नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार ७७७ होती. ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजार ६९ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा जवळपास पाच टक्क्यांनी आटला. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. पुरुष कामाला बाहेर आणि घर बाईच्या अंगावर, ही कोकणाची जुनी व्यवस्था या आकड्यातून दिसते. आधी मुंबईची गिरणी आणि गोदी होती, मग आखात आले, त्यानंतर अमेरिका-युरोप. मनीऑर्डरच्या जागी बँक खाते आले, बाकी फारसे बदलले नाही.

गाव मात्र अगदीच थांबलेले नाही. ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने २०१२ मध्ये वेळणेश्वरला महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण दोन्ही ठिकाणे वेळणेश्वरपासून जवळ म्हणण्यासारखी नाहीत. आईवडिलांच्या आजारपणासाठी परत येणाऱ्यांनी पावसाळ्यातल्या रात्री रुग्णालय गाठायला किती वेळ लागतो, हे आधी एकदा स्वतः पाहून घ्यावे. अनेक कुटुंबे शेवटी चिपळूण किंवा रत्नागिरीत राहतात आणि शनिवार-रविवारी गावी जातात, त्याचे कारण हेच.

परतणारे सगळे एकाच प्रकारचे असतात का?

नाही, आणि सल्ला देणारे इथेच चुकतात. अमेरिकेत ग्रीनकार्डची वाट पाहणाऱ्याला परतायचे की राहायचे, हा पर्याय निदान काही काळ तरी असतो. आखातात नोकरी संपली की सहसा राहण्याचा परवानाही संपतो. तिथे कितीही वर्षे काढली तरी सर्वसामान्य कामगाराला नागरिकत्व मिळत नाही. पेन्शनही नसते. शेवटी हातात पडते ती सेवासमाप्तीची रक्कम.

तिथून परतण्याची तारीख कधी कधी दुसरेच ठरवतात. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. आयुष्याची कमाई कुवेतच्या बँकांत ठेवून लोक एका बॅगेसह उतरले. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक अवलंबितामागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले आणि ते दरवर्षी वाढवत २०२० पर्यंत ४०० वर नेले. बायको आणि तीन मुले असलेल्या माणसाला महिन्याला १६०० रियाल केवळ कुटुंब सोबत ठेवण्यासाठी भरावे लागू लागले. त्यामुळे अनेकांनी बायको-मुलांना भारतात पाठवले आणि स्वतः मागे राहिले. अशा कुटुंबांचे परतणे हप्त्याहप्त्याने होते. त्यांच्यासाठी बनवलेला सल्ला क्वचितच वाचायला मिळतो.

प्राप्तिकराचे वर्ष काय सांगते?

सर्वाधिक पैसे इथे वाचतात किंवा जातात, म्हणून हे थोडे सविस्तर.

भारतात कर पासपोर्टवर ठरत नाही, मुक्कामाच्या दिवसांवर ठरतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेला माणूस रहिवासी. दुसरी कसोटी अशी, की वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, तरीही रहिवासी. नुसत्या भेटीवर येणाऱ्या भारतीयासाठी ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत आहे. भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती १२० दिवसांवर येते. कायमचे परतणाऱ्याने या सवलतीवर विसंबू नये, कारण त्याचे येणे भेट राहत नाही. प्राप्तिकराचा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आला, तरी रहिवासाच्या या कसोट्यांचा गाभा तोच आहे.

रहिवासी झाल्याबरोबर जगभरच्या उत्पन्नावर कर लागत नाही. मध्ये एक पायरी आहे. करसल्लागार तिला ‘आरएनओआर’ म्हणतात, म्हणजे रहिवासी पण ‘साधारण रहिवासी’ नाही. आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्याला किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून ७२९ पेक्षा जास्त दिवस भारतात न राहिलेल्याला ही पायरी मिळते. या काळात परदेशातले व्याज, भाडे, तिथल्या शेअरवरचा नफा यांवर भारतात कर नाही. अट एवढीच, की ते उत्पन्न आधी परदेशातल्या खात्यात जमा व्हावे. ते थेट भारतात मिळाले तर कर लागतो.

आता तारखेचा खेळ पाहा. समजा, दहा-बारा वर्षे परदेशात असलेले, दरवर्षी तीन आठवडे गावी येणारे कुटुंब आहे. कर्ता माणूस १ जून २०२६ ला कायमचा परतला, तर तो त्याच वर्षी रहिवासी होतो. आरएनओआरचा लाभ साधारणपणे मार्च २०२८ पर्यंत, म्हणजे २२ महिने. तोच माणूस ५ ऑक्टोबर २०२६ ला आला आणि त्या वर्षी आधी भारतात आलेला नसेल, तर मार्चअखेर त्याचे दिवस १८२ च्या आत राहतात. त्या वर्षी तो अनिवासीच. पुढची दोन वर्षे आरएनओआर, म्हणजे मार्च २०२९ पर्यंत मोकळीक. चार महिने उशिरा आल्याने सवलतीचे एक अख्खे वर्ष वाढले. परदेशातले घर किंवा कंपनीचे शेअर विकायचे असतील, तर हे वर्ष काही लाखांचे असू शकते.

१ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे बरोबर १८२ दिवस भरतात, म्हणून सीमारेषा गांधी जयंतीची. लीप वर्षात ती एक दिवस पुढे सरकते. यात कोकणी माणसाची गफलत गणपतीत होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दहा दिवस गावी येऊन गेलेला माणूस ५ ऑक्टोबरला परतला, तर ते दहा दिवसही मोजले जातात आणि त्याचा हिशेब बिघडतो. येण्याचा दिवसही मोजतात.

दुसरी गफलत ‘वर्क फ्रॉम होम’ची. अमेरिकन कंपनीची नोकरी चालू ठेवून गावातून काम करायचे, पगार अमेरिकेतल्या खात्यात घ्यायचा आणि तो परदेशी उत्पन्न समजायचा, असे अनेकांना वाटते. पण लॅपटॉप वेळणेश्वरात उघडला की काम भारतात झाले. त्या पगारावर पहिल्या दिवसापासून भारतात कर लागतो, आरएनओआर असला तरी.

पूर्ण रहिवासी झाल्यावर विवरणपत्रात परदेशातली खाती, शेअर, घरे जाहीर करावी लागतात. उत्पन्न शून्य असले तरी. काळ्या पैशाविरोधातल्या २०१५ च्या कायद्याने हे न केल्यास दहा लाख रुपये दंड ठेवला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल तर या दंडातून सूट मिळाली. तिथले विसरलेले पगार-खाते परतण्याआधीच बंद केलेले बरे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवरचा कर पैसे काढताना भरण्याची मुभा २०२१ च्या वित्त कायद्याने दिली आहे, ती मात्र मागावी लागते. अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असाल तर तिथले विवरणपत्रही भरत राहावे लागते.

बँकेला केव्हा कळवायचे?

प्राप्तिकर खाते दिवस मोजते, परकीय चलन कायदा हेतू पाहतो. नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळ राहण्यासाठी भारतात उतरला की त्या कायद्याने तो रहिवासी. १८२ दिवसांची वाट तिथे पाहत नाहीत. त्यामुळे एकच माणूस एकाच दिवशी प्राप्तिकरासाठी अनिवासी आणि बँकेसाठी रहिवासी असू शकतो. एनआरई खाते लगेच साध्या खात्यात किंवा परकीय चलनाच्या आरएफसी खात्यात बदलून घ्यावे लागते. एनआरईच्या व्याजावरची करमाफी तिथेच संपते. एफसीएनआर ठेवी मुदत संपेपर्यंत ठरलेल्या व्याजाने चालू ठेवता येतात. परदेशात असताना कमावलेले पैसे आणि घर तिथेच ठेवायलाही १९९९ च्या या कायद्याची हरकत नाही.

मुलांचे वय का महत्त्वाचे?

आईवडिलांची तारीख चुकली तर पैसे जातात. मुलांची चुकली तर त्याची भरपाई पैशाने होत नाही.

पहिला मुद्दा नागरिकत्वाचा. आखातात भारतीय आईवडिलांना झालेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत दूतावासात केली, तर ते वंशाने भारतीय. अमेरिकेत जन्मलेले मूल सामान्यतः अमेरिकन, आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. मग उरतो ओसीआयचा मार्ग. हे कार्ड आजन्म व्हिसा आहे, नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआयधारक विद्यार्थ्यांना नीट, जेईईसारख्या परीक्षांनंतर केवळ अनिवासी भारतीयांच्या जागांपुरते मर्यादित केले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ती पूर्वलक्षी लागू होणार नाही असे सांगितले. त्यामुळे आज शाळेच्या वरच्या वर्गात असलेल्या मुलांना दिलासा आहे. त्या तारखेनंतर परदेशात जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी मात्र पासपोर्टचा निर्णय विचारपूर्वक घ्यायला हवा. ‘पुढे बघू’ म्हणत तो टाळला, तर सतरा वर्षांनी त्याची फी भरावी लागेल.

दुसरा मुद्दा दहावीचा. राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेशासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे लागते. अधिवासाच्या दाखल्यासाठी राज्यातले पंधरा वर्षांचे वास्तव्य विचारले जाते. दुबईतून सीबीएसईची दहावी करून अकरावीला चिपळुणात आलेल्या मुलीला हे बारावीनंतर कळले, तर फार उशीर झालेला असतो. म्हणून आठवीपर्यंत आणणे सोयीचे, नववी ही शेवटची वेळ.

तिसरा मुद्दा मराठीचा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी विषय सक्तीचा झाला. परदेशातली बहुतेक मराठी मुले घरात मराठी बोलतात. वाचायची वेळ आली की अडतात, लिहायची आली की रडतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली अमेरिकेत चालणाऱ्या रविवारच्या मराठी शाळांची किंमत तिथे असताना कळत नाही. परतण्याआधीच्या दोन वर्षांत रोज अर्धा तास बाराखडी आणि गोष्टी, एवढे केले तरी पहिली सहामाही निभावते. उच्चारावरून वर्गात मिळणारी टोपणनावे काही महिन्यांत विरतात. वयाने मोठ्या मुलांची ती वर्षानुवर्षे चिकटतात.

इथे दोन वेळापत्रके एकमेकांना छेदतात. करासाठी ऑक्टोबर बरा, शाळेसाठी एप्रिल किंवा जून. आखातातल्या भारतीय शाळा मार्चमध्ये वर्ष संपवतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये परतणाऱ्या कुटुंबाचे दोन्ही साधते. अमेरिकेतली शाळा मे-जूनमध्ये सुटते, तिथे साधत नाही. रहिवासाचे दिवस प्रत्येकाचे वेगळे मोजले जातात, म्हणून आई आणि मुले जूनमध्ये पुढे येतात आणि कमावता ऑक्टोबरात, असा मधला रस्ता काढतात. तो कायद्यात बसतो. पण नव्या शाळेतले पहिले चार महिने मुलांसोबत दोघांपैकी एकच पालक असतो, हे त्या बचतीतून वजा करावे लागेल.

घर आपले आहे, पण सातबाऱ्यावर कोणाचे?

कोकणात परतणाऱ्यांची सर्वात मोठी अडचण ही आहे आणि तिच्याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. ‘गावी आपले घर आहे, बाग आहे’ हे वाक्य बहुधा आजोबांच्या काळातले असते. सातबारा उघडला की दिसते, आजोबा अजून हयात असल्यासारखे मालक आहेत किंवा त्यांच्या खाली चुलते, चुलतभाऊ, आत्या अशी पंधरा-वीस सामायिक नावे आहेत. कोणाच्या वाट्याला किती, हे कागदावर कुठेच नाही. तोंडी वाटणी असते आणि ती करणारे गेलेले असतात.

वारस नोंद मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवावी, असे जमीन महसूल संहिता सांगते. वास्तवात तीस वर्षे जातात. आता ई-हक्क प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज फोनवरून करता येतो, सातबारा आणि आठ-अ घरबसल्या पाहता येतात. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच आहे. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर नोंद मंजूर. आली, तर प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे आणि पुढे कुठेही जाऊ शकते.

हरकतीचे सर्वात सामान्य कारण बहिणी-आत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबात मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते, याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केले. परतणाऱ्या भावाने आत्याला आणि बहिणीला फोन सही हवी असताना करू नये. त्याआधी एखाद्या गणपतीत घरी जाऊन बसावे. किनाऱ्यावरच्या मुस्लीम मोहल्ल्यांतून आखातात गेलेल्या घरांत वाटे शरीयतप्रमाणे पडतात आणि तिथेही बहिणीचा वाटा ठरलेला आहे.

वाटणीसाठी संहितेच्या कलम ८५ खाली सगळे हिस्सेदार संमतीने तहसीलदाराकडे अर्ज करू शकतात. एक जरी फिरला तरी दिवाणी न्यायालय. शेतजमिनीच्या वाटणीपत्राचे नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला, त्यामुळे खर्चाचे निमित्त उरलेले नाही. परदेशातून कुलमुखत्यारपत्र पाठवायचे असेल तर ते तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून, भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावावा लागतो. हे तीन महिने चुकवणारे पुष्कळ आहेत.

आणखी एक सापळा बक्षीसपत्राचा. वयस्कर वडिलांना वाटते, आपल्या डोळ्यांदेखत बाग मुलाच्या नावे करावी. मुलगा अनिवासी किंवा ओसीआय असेल तर शेतजमीन त्याला बक्षीस देता येत नाही, विकताही येत नाही. वारशाने मात्र त्याला मिळू शकते. भारतीय नागरिकाने परतून रहिवासी झाल्यावर ही आडकाठी जाते. पण नवी शेतजमीन घ्यायची तर राज्याच्या कायद्याने तो आधीच शेतकरी असावा लागतो. म्हणजे आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलेले नाव हाच पुढच्या खरेदीचाही परवाना आहे.

आणि काही वेळा बाग नसतेच. खोती १९५० मध्ये गेली आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. न्यू जर्सीत वाढलेल्या नातवाला आजीने सांगितलेली ‘आपली’ काजूची जमीन दोन पिढ्यांपासून दुसऱ्याची असू शकते, आणि कायद्याने ती योग्यच आहे. त्यावरून गावात तोंड उघडण्याआधी जुने फेरफार वाचावेत.

समुद्राकाठी घर बांधता येईल का?

वेळणेश्वरचे आकर्षण समुद्र आहे आणि अडचणही तोच. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा १९९१ पासून सागरी किनारा नियमनाखाली येतो. ग्रामीण भागात २०११ च्या अधिसूचनेनुसार पहिल्या २०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला मनाई होती. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ती ५० मीटरवर आणली. त्यासाठी चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोक हवेत. कोकणातल्या विखुरलेल्या वाड्या त्या कसोटीत सहसा बसत नाहीत. माणसे निघून गेल्यामुळे घनता कमी, आणि घनता कमी म्हणून परतणाऱ्याला बांधकाम अवघड, असा हा तिढा.

जुने अधिकृत घर असेल तर त्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्रात दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीला वाव आहे. म्हणून पडके चिरेबंदी घर पाडून टाकण्याची घाई करू नये. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत ते घर आहे ना, घरपट्टी भरलेली आहे ना, हे आधी पाहावे. घर एकदा पाडले आणि नोंदही सापडली नाही, तर समुद्राकाठी नुसती रिकामी जमीन उरते.

जोडीदाराचे काय?

परतीची यशस्वी उदाहरणे सांगताना हा प्रश्न हमखास गाळला जातो. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिज सोडून कुटुंबासह मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली. मराठी समाजाने ही कथा अभिमानाने सांगितली. तिची दुसरी बाजूही तितकीच शिकवणारी आहे. नारळीकर ठरलेली प्राध्यापकी घेऊन आले होते, कामाची जागा शोधायला नव्हे. मंगला नारळीकर स्वतः गणिती. लग्न, केंब्रिज, मुली, परतणे, घरातली वडीलधारी माणसे हे सगळे सांभाळत त्यांची गणितातली पीएचडी १९८१ मध्ये पूर्ण झाली, परतल्यानंतर नऊ वर्षांनी. एवढ्या सुस्थितीतल्या घरात हे झाले. मग वेळणेश्वरात परतणाऱ्या परिचारिकेचे, चाचणी अभियंत्याचे किंवा शिक्षिकेचे काय होईल?

कागदपत्रांच्या यादीत हा मुद्दा येत नाही, पण परतलेली कुटुंबे पुन्हा परदेशाची वाट धरतात ती अनेकदा यामुळेच. परतण्याचा निर्णय एकाचा आणि नोकरी सुटलेली दुसऱ्याची, असे असेल तर पहिल्या पावसाळ्यात कुरबुरी सुरू होतात. दोघांचे काम निदान वर्षभराचे ठरले नसेल, तर तारीख पुढे ढकललेली बरी.

सरकारने काय करावे?

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक, २०.५ टक्के होता, केरळपेक्षाही थोडा जास्त. केरळने प्रवासींसाठी १९९६ मध्येच स्वतंत्र विभाग काढला, परतलेल्यांना उद्योगासाठी कर्जसाह्य देणारी योजना चालवली. तिथे १९९८ पासून दर काही वर्षांनी स्थलांतराची पाहणी होते. किती गेले, किती परतले, परतून काय करतात, हे त्यांना आकड्यांत सांगता येते. महाराष्ट्राचा पैसा जास्त आणि लक्ष कमी. मुंबई-पुण्याच्या आकड्यांत रत्नागिरीची माणसे हरवून जातात. मोठी घोषणा नकोच. गणपतीत आणि मे महिन्यात, जेव्हा हिस्सेदार एकत्र गावात असतात, तेव्हा गुहागरसारख्या तालुक्यांत वारस नोंद आणि वाटणीची शिबिरे लावली तरी शेकडो घरांची कुलुपे सैल होतील.

मग क्रम कसा लावायचा?

सातवीत शिकणारे मूल असलेल्या घरासाठी तो साधारण असा होतो. निर्णयाच्या वर्षी गणपतीत हिस्सेदारांशी बोलणे आणि वारस नोंदीचा अर्ज. दिवाळीपर्यंत फेरफार मंजूर झाला आहे की हरकत आली आहे, हे कळते. हरकत आली असेल तर चिपळुणात भाड्याचे घर पाहायला सुरुवात. परदेशातली जादा खाती त्याच हिवाळ्यात बंद. शाळेचा प्रवेश आणि सोडल्याचा दाखला मार्चच्या आत, परदेशी दाखल्यावर शिक्के लागत असतील तर त्याहून आधी. आखातातले कुटुंब मार्चअखेर एकत्र परतू शकते. अमेरिकेतल्या कर्त्याने त्या वर्षी गणपतीला यायचे की ऑक्टोबरपर्यंत थांबायचे, हे दिवस मोजून ठरवावे. गावच्या घराची शाकारणी मात्र मेअखेर उरकायला हवी, कारण जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात.